संग्रहालयाच्या बंद दारामागे

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. त्या जुन्या वाड्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, पाय घासण्याच्या वज्री आहेत, गंजिफा आहेत, नाना तऱ्हेची वाद्ये आहेत. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२०च्या सुमारास या वस्तू गोळा करायला सुरुवात केली, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

आता एक सोपे गणित करा. या संग्रहात २०,०००हून अधिक वस्तू आहेत. दालनांतून मांडलेल्या वस्तू सुमारे २,५००. म्हणजे आठ वस्तूंपैकी एकच तुम्हांला दिसते. मग उरलेल्या सात कुठे असतात? त्या दाखवत का नाहीत? आणि कुलूपबंद खोलीत त्या नुसत्याच पडून असतात का?

जागा अपुरी असते हे खरेच. पण तेवढे एकच कारण नाही. ‘प्रवेश नाही’ अशी पाटी लावलेल्या त्या दारामागे वर्षभर काम चालू असते. त्या कामात तुमच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि जीवशास्त्रही आहे. चला, आज त्या दारातून आत डोकावून पाहू.

दोन छोट्या मूर्ती

सुरुवात दोन मूर्तींपासून करू. दोन्ही हातात मावतील एवढ्या लहान.

पहिली तेरची. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या गावाचे नाव आहे. येथून गाड्यांत भरलेला माल भडोचच्या बंदराला जाई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व शिवारात सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आज त्या आहेत, आणि त्यांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे.

१९३८ मध्ये इटलीत पाँपेई या शहराच्या उत्खननात वीतभर उंचीची एक हस्तिदंती मूर्ती निघाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. ही मूर्ती मात्र रोमन नव्हती, अंगावरच्या दागिन्यांसकट ती भारतीय होती. तेरच्या मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांच्या लक्षात आले, आणि दख्खनचा माल कोठवर पोहोचत होता याचा बोलका पुरावा हाती आला.

दुसरी मूर्ती कोल्हापूरची. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४०नंतरच्या दशकात उत्खनन झाले. तेथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. कुठे भूमध्य समुद्र आणि कुठे सह्याद्रीच्या अलीकडचे कोल्हापूर! ती आज तेथील टाउन हॉल संग्रहालयात आहे.

आता कल्पना करा, की हाच पोसायडन एखाद्या जुन्या बाजारात मिळाला असता. कोठून आला, कोणाला सापडला, कशाबरोबर सापडला याची काहीच माहिती नाही. मग कोणीही म्हणाले असते, ‘युरोपातून कोणी साहेबाने शोभेची मूर्ती आणली असेल.’ मूर्ती तीच, धातू तोच, घडणही तीच. पण तिच्यातला इतिहास गेला! ती ब्रह्मपुरीला सापडली, ही एका ओळीची नोंद आहे म्हणूनच ती पुरावा ठरते.

म्हणून वस्तू संग्रहालयात आली की पहिले काम तिची नोंद करण्याचे. नोंदवहीत वस्तूला दाखल क्रमांक मिळतो. समजा क्रमांक १९७५.१२.३ असा आहे. याचा अर्थ, १९७५ साली आलेल्या बाराव्या संचातील तिसरी वस्तू. त्यापुढे वस्तूचे नाव, लांबी-रुंदी, वजन, कशाची बनली, कोठे मिळाली, कोणी दिली, कोठे मोडली आहे, हे सारे लिहितात आणि छायाचित्र काढतात.

हा क्रमांक वस्तूवर घालण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. धातू किंवा मातीच्या वस्तूवर सहज न दिसणाऱ्या जागी पारदर्शक लाखेसारख्या द्रव्याचा छोटा पट्टा ओढतात, तो वाळल्यावर त्यावर बारीक अक्षरांत आकडे लिहितात. उद्या पुसायचे ठरले तर योग्य द्रावकाने तो पट्टा निघून येतो, वस्तूला ओरखडाही येत नाही. कापडाला सुती फीत टाचतात. कागदावर फक्त मऊ शिसपेन्सिल चालते, शाई नाही. ‘जे केले ते पुन्हा काढून टाकता आले पाहिजे’ हा संग्रहालयातील कामाचा पहिला नियम आहे.

हवेतले न दिसणारे पाणी

नोंद झाली, वस्तू कपाटात गेली. झाले का काम? नाही. आता तिच्या शत्रूंशी सामना सुरू होतो. पहिला शत्रू हवेतच असतो.

हवेत पाण्याची वाफ असते हे तुम्हांला ठाऊक आहे. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्या शेकडा किती वाफ प्रत्यक्षात आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी ती २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. जुलैत ८० टक्क्यांच्याही वर चढते.

पावसाळ्यात घराचे लाकडी दार फुगते आणि चौकटीत अडकते, उन्हाळ्यात तेच दार सैल होते. हस्तिदंताचेही तसेच. तो ओलावा शोषतो, फुगतो. कोरडा पडला की आकसतो. आणि हे फुगणे-आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. त्यामुळे आतल्या आत ताण पडतो आणि एके दिवशी बारीक चीर जाते. दोन हजार वर्षे टिकलेली मूर्ती चुकीच्या कपाटात काही उन्हाळे-पावसाळे काढून तडकू शकते. म्हणून हस्तिदंताला ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते, आणि ती कायम एकसारखी राहणे त्याहून महत्त्वाचे.

आता कांस्याकडे वळू. कांस्य म्हणजे तांबे व कथिल यांचा मिश्रधातू. ते जमिनीत शतकानुशतके पडून राहिले, की मातीतील क्षारांमुळे त्याच्या पोटात क्युप्रस क्लोराइड तयार होऊ शकते. वरून काहीच दिसत नाही. पण वस्तू बाहेर काढून दमट हवेत ठेवली, की हे क्लोराइड पाणी व ऑक्सिजन यांच्याशी संयोग पावते. फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि त्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. हे आम्ल आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड बनते, आणि चक्र चालूच राहते. याला ‘कांस्यरोग’ म्हणतात. हा जंतूंचा रोग नव्हे, रासायनिक क्रियेचा आहे. उपचार केला नाही तर सारी वस्तू भुकटी होऊ शकते. बेंझोट्रायझोल नावाच्या रसायनाने तो आटोक्यात आणता येतो. पण मुख्य पथ्य एकच : भोवतालची आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवणे.

म्हणजे पंचाईत पाहा. हस्तिदंताला बेताचा ओलावा हवा आणि आजारी कांस्याला कोरडी हवा. दोन्ही वस्तू एकाच काळाची कथा सांगणाऱ्या, पण एकाच कपाटात त्यांना ठेवता येत नाही! म्हणून कांस्यासाठी घट्ट झाकणाची पेटी घेऊन तिच्यात सिलिका जेल ठेवतात. नव्या बुटांच्या खोक्यात खड्यांची छोटी पुडी मिळते ना, तेच हे. ओलावा शोषून ते भरले, की तापवून पुन्हा वापरता येते.

सापेक्ष आर्द्रता तुम्हीही मोजू शकता. प्रयोगशाळेतील दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती सुती चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात टांगा. बाष्पीभवनामुळे ओला तापमापक कमी तापमान दाखवील. कोरडा ३० अंश आणि ओला २६ अंश दाखवत असेल, तर आर्द्रता सुमारे ७३ टक्के. कोरडा ३८ आणि ओला २२ असेल, तर सुमारे २४ टक्के. फरक जितका मोठा तितकी हवा कोरडी. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात वर्षभर रोज अशी नोंद ठेवून पाहा. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, तर पुस्तकांवर बुरशी येते का, तेही तपासा.

प्रकाशाचा हिशेब

दालनात गेल्यावर ‘इथे एवढा अंधार का?’ असे तुम्हांला वाटले असेल. वीज वाचवण्यासाठी तसे केलेले नसते. प्रकाश हा रंगांचा शत्रू आहे. प्रकाशाच्या ऊर्जेमुळे रंगद्रव्याचे रेणू तुटतात आणि रंग फिका पडतो. एकदा उडालेला रंग कोणत्याही उपचाराने परत येत नाही.

प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. कापड, जलरंगातील चित्र, हस्तलिखित अशा नाजूक वस्तूंवर सुमारे ५० लक्सहून जास्त प्रकाश पडू देत नाहीत. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालते. भर दुपारच्या उन्हात मात्र सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो!

नुकसान किती होणार हे प्रकाशाची तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. एक पैठणी ५० लक्समध्ये रोज ८ तास याप्रमाणे वर्षाचे ३०० दिवस मांडली, तर हिशेब असा :

५० × ८ × ३०० = १,२०,००० लक्स-तास.

उन्हात एवढा प्रकाश मिळायला किती वेळ लागेल? १,२०,००० भागिले १,००,०००, म्हणजे १.२ तास, मिनिटांत सांगायचे तर ७२. संग्रहालयात वर्षभरात जेवढा प्रकाश पैठणीवर पडला असता, तेवढा ती सव्वा तास उन्हात ठेवली की पडतो. शिवाय उन्हातील अतिनील किरणांचे नुकसान वेगळेच.

आणि लक्षात घ्या, ५० लक्सनेही रंग उडतोच, फक्त सावकाश उडतो. म्हणून नाजूक वस्तू काही महिने मांडून पुन्हा अंधारात विश्रांतीसाठी ठेवतात आणि तिच्या जागी दुसरी आणतात. आठांपैकी सात वस्तू का दिसत नाहीत, याचे एक उत्तर येथे मिळाले. त्यांतल्या काही तुमच्या नातवंडांनाही पाहता याव्यात म्हणून आज अंधारात आहेत.

पडताळा घ्यायचा असेल, तर पतंगाचा रंगीत कागद घ्या. अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा बांधून तो ऊन येणाऱ्या खिडकीत तीन आठवडे ठेवा. मग पुठ्ठा काढा आणि दोन्ही भाग शेजारी शेजारी पाहा.

सहा पायांचे चोर

तिसरा शत्रू जिवंत आहे. कसर कागद व खळ खाते. वाळवी लाकूड पोखरते. काही भुंगेऱ्यांच्या अळ्या लाकडात बोगदे करतात, तर काहींच्या लोकर, पिसे आणि कातडे फस्त करतात. केळकरांच्या संग्रहात कातडी बाहुल्या, लाकडी दरवाजे, जुनी वस्त्रे असे सगळेच आहे. या मंडळींना ती मेजवानीच!

म्हणून भांडारातील माणूस रोज विजेरी घेऊन फिरतो. लाकडी वस्तूखाली पिठासारख्या भुशाची छोटी ढिगली दिसली, की आत अळी आहे असे समजायचे. कोपऱ्यात चिकट सापळे ठेवतात आणि त्यांवर कोणता कीटक किती संख्येने सापडला हे दर आठवड्याला लिहून ठेवतात. आकडा वाढला, की खिडकीची फट किंवा गळकी जागा शोधायला लागायचे.

आपल्याकडे पोथ्या कोरड्या कापडात घट्ट बांधून त्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याची जुनी रीत होती. पुढे विषारी औषधांचा काळ आला. पेंढा भरलेल्या प्राणी-पक्ष्यांच्या कातडीला आर्सेनिकयुक्त साबण लावत असत. कीड गेली, पण विष मात्र वस्तूत राहिले. अशा जुन्या नमुन्यांना हात लावताना कामगार हातमोजे व तोंडावर पट्टी बांधतात, ती स्वतःच्या संरक्षणासाठीही. आता शक्य तेथे विष टाळतात. कीड लागलेली वस्तू प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंश सेल्सिअसला एक-दोन आठवडे गोठवतात. किंवा पिशवीतील ऑक्सिजन काढून नायट्रोजन भरतात, आणि दोन-तीन आठवड्यांत कीटक गुदमरून मरतात. अर्थात कोणती वस्तू गोठवणे सोसेल आणि कोणती नाही, हे आधी ठरवावे लागते.

घासू नका, पुसू नका!

दिवाळीच्या आधी घरातली पितळी समई आपण चिंचेने लख्ख घासतो. चिंचेतील टार्टारिक आम्ल वरचा काळा थर विरघळवते. घरच्या समईला ते ठीक आहे. पण उत्खननातील नाणे असे घासले, तर त्या थराबरोबर बारीक अक्षरेही निघून जातात. पुष्कळदा राजाचे नाव त्या हिरव्या-काळ्या थरातच शिल्लक असते, खालचा धातू केव्हाच गंजून गेलेला असतो. म्हणून संग्रहालयात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुरीने कण-कण माती काढतात. एका नाण्याला कित्येक तास लागू शकतात.

मातीच्या भांड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जमिनीतील क्षार खापरात मुरलेले असतात. खापर वाळले, की क्षारांचे स्फटिक बनतात, ते वाढतात आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सोडवून टाकतात. म्हणून धड भाजलेली भांडी ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवतात आणि पाणी पुन्हा पुन्हा बदलतात. क्लोराइड उरले की नाही हे कसे कळते? पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून! पांढरा साका आला, तर अजून क्लोराइड शिल्लक आहे. तुमच्या प्रयोगशाळेतील चाचणीच ही.

वाटल्याने वाढते ते

आता कोणी विचारील, इतके जपून ठेवायचे तर लोकांना त्याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. कुलूप लावून विसरून जाणे म्हणजे जतन नव्हे. कोणी पाहिलीच नाही, कोणी अभ्यासलीच नाही, तर तेरची मूर्ती आणि पाँपेईची मूर्ती यांची गाठ कधी पडली असती?

म्हणून संग्रह वाटून घेण्याच्या रीती शोधाव्या लागतात. अभ्यासकांना भांडारात बसून वस्तू पाहू देतात. एक संग्रहालय दुसऱ्याला वस्तू उसनी देते. निघण्यापूर्वी तिच्या प्रत्येक चरेची व डागाची टिपणे करतात, परत आल्यावर ती ताडून पाहतात. पेटी मुक्कामी पोहोचली, तरी साधारण एक दिवस उघडत नाहीत. का बरे? थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, ते आठवा. वातानुकूलित गाडीतून आलेली थंड मूर्ती दमट खोलीत एकदम काढली, तर तिच्यावरही तसेच पाणी धरेल. तिला आधी खोलीइतके तापमान येऊ द्यावे लागते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये तर बसमध्येच प्रदर्शन मांडले आणि ‘म्यूझियम ऑन व्हील्स’ या नावाने ते शाळांच्या दारी नेले. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली बनवली. तिच्या साहाय्याने देशातील मोठ्या संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे व नोंदी संगणकावर आल्या आणि त्या घरबसल्या पाहता येऊ लागल्या.

अशा नोंदींचे मोल एका दुर्घटनेने सांगितले आहे. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतील राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय आगीत सापडले आणि १९७८ पासून लोकांसाठी खुला असलेला संग्रह जळून गेला. आग, पूर, वाळवी यांपैकी काहीही कोठेही येऊ शकते. वस्तू गेलीच, तर मागे उरतात फक्त नोंद आणि छायाचित्र. म्हणून नोंदीची एक प्रत नेहमी दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

तुम्ही काय कराल?

मित्रहो, लामतुरे आणि केळकर हे दोघेही सरकारी अधिकारी नव्हते. एकाने आपल्या गावच्या शिवारातले जमवले, दुसऱ्याने लोकांच्या माजघरातले. असे काम तुमच्या शाळेतही सुरू होऊ शकते.

घरोघरी पायली, अधोली, शेर ही मापे अडगळीत पडली असतील. पाटा, उखळ, मोट, बोरू-दौत असेल. त्या वस्तू शाळेत आणण्यापूर्वी एक वही करा. वस्तूचे नाव घरात काय म्हणतात तेच लिहा. कोणाची, कोणी बनवली, कशासाठी वापरत, कधी बंद पडली, हे आजीला, आजोबांना विचारा. वस्तू शंभर वर्षे टिकेल, पण ती कशी वापरत हे सांगणारी माणसे तेवढी वाट पाहणार नाहीत. ही पाने आधी भरा. मग मापन करा, चित्र काढा, क्रमांक द्या. वस्तू घरी परत गेली, तरी तुमची वही संग्रहालयाचे काम करील.

आणि शेतात नांगरताना, पाया खणताना जुनी नाणी, मणी, मूर्ती सापडली तर? ती चिंचेने घासू नका, वाटून घेऊ नका, विकू नका. जागेची खूण करा, छायाचित्र घ्या, किती खोलीवर आणि कशाबरोबर सापडले ते लिहा, आणि शिक्षकांमार्फत तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याची माहिती देणे कायद्यानेही आवश्यक आहे.

पुढच्या वेळी संग्रहालयात जाल, तेव्हा वस्तूबरोबर तिच्या कोपऱ्यातला बारीक क्रमांकही शोधा. काचेआड ठेवलेली सिलिका जेलची डबी शोधा. दिवे मंद का आहेत, ते बरोबरच्या धाकट्या भावंडांना समजावून सांगा. आणि तेथील कर्मचारी भेटले, तर त्यांना जरूर विचारा, ‘काका, उरलेल्या सात वस्तू कशा आहेत?’ त्यांना नक्कीच आनंद होईल, कारण हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारत नाही.